अंगठ्यातला वेढा

माझ्या तोंडाला लागू नये असं शेणव्यात सगळे म्हणतात, आणि खोटं नाय म्हणत. मी बोलते ते तोंडावर बोलते. सरपंचाला बोलले, वायरमनला बोलले, सख्ख्या भावाला भर मांडवात बोलले. पण ज्या दिवशी खरंच बोलायला पायजे होतं त्या दिवशी माझी दातखीळ बसली. कुणाच्या ते ध्यानात पण आलं नाय. त्याचंच सांगते.

आमच्या बचत गटाची शेड रस्त्याला लागून आहे. वर पत्रे, खाली कोबा, मधे दोन लेथ. लाकूड फिरवून गोल करायची मशीन ती. लाटणी, पोळपाट, पाळण्याच्या कांड्या, देव्हाऱ्याचे खांब, जे कोण सांगेल ते आमी करतो. बाया सहा-सात, शिकवणारी मी. मी हे काम कुठल्या शाळेत शिकले नाय. माझा नवरा विठू खरादी होता, शहापुरात त्याचं दुकान होतं, त्याच्या हाताखाली दहा वर्षं उभी राहिले.

विठू तसा मऊ माणूस. आवाज चढवायचा तो एकाच गोष्टीला. मशीनजवळ यायचं तर हातात काय नको. अंगठी नको, घड्याळ नको, दोरा नको, बांगडी नको. हातमोजा तर मुळीच नको. लोकांना वाटतं हातमोज्याने हात वाचतो. तो म्हणायचा, "लाकडाला हात लागला तर कातडं सोलवटेल, चार दिवसांत भरून येईल. हातमोजा अडकला तर तो एकटा जात नाय, हाताला घेऊन जातो." मी रोज सकाळी दुकानात गेले की बांगड्या काढून खिळ्याला अडकवायची आणि संध्याकाळी घालून घरी यायची. दहा वर्षांत मला साधी चीर पडली नाय.

मंग त्याला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मंग दवाखाना, तोवर उशीर झाला होता. बाराव्याला बाया मागल्या पडवीत बसल्या होत्या, मी आत भिंतीला टेकून. बाहेरून आवाज आला, "रोज नवऱ्यादेखत हात उघडे करून उभी राहायची. मंग दुसरं काय व्हायचं?" बोलणारी सकुबाई होती, आमच्या वरच्या आळीतली. एरवी मी उठून तिच्या झिंज्या धरल्या असत्या. तेव्हा अंगात जीव नव्हता. ते ऐकलं ते आत जाऊन बसलं, नऊ वर्षं झाली, अजून उठलेलं नाय.

आता तुमी म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं. घेऊ नये, मला पण कळतं. आमच्या ग्रामपंचायतीत ठराव झालाय की विधवांना मान द्यायचा, हळदीकुंकवाला बोलवायचं. ठरावाला फ्रेम करून भिंतीला लावलाय. त्याच भिंतीखाली बसून बाया एकमेकींना कुंकू लावतात, माझ्यापाशी आल्या की नुसती साखर हातावर ठेवून पुढे सरकतात. मी पण साखर खाते आणि काय तरी टोमणा मारते. बाया हसतात. घरी आले की मला रडू येतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाय.

तर ह्या सकुबाईच्या दीपेशचं लगीन वैशाखात झालं. सून टोकावड्याकडची, हर्षाली नाव. बारावी झालेली, अंगाने काटकुळी, सतत हसणारी. दीपेश मुरबाडला कंपनीत, पाळी असेल तसा जाणारा येणारा. लगीन होऊन महिना झाला नाय तर ही शेडच्या दारात येऊन उभी राहिली. "काकी, मला शिकवाल?"

मी म्हटलं, "सासूला विचारलंस?"

"विचारलं. घरी बसून खातेस त्यापेक्षा जा म्हणाली."

मला हसू आलं. सकुबाईचं बोलणं अगदी तसंच असतं.

पोरीला हात होता. हे सांगून कळत नाय, बघावं लागतं. ठकी दोन वर्षं करते तरी तिची लाटणी एका बाजूला जाड. हिने आठवड्यात लाटणं केलं ते मी हातात घेऊन फिरवत बसले, खोट काढायला. निघाली नाय. लाकूड फिरायला लागलं की ही मान वाकडी करून ऐकायची. "काकी, आता आवाज जड झाला," म्हणायची आणि खरंच पटाशी बोथट झालेली असायची. विठूनंतर असं ऐकणारं कोण मी बघितलं नव्हतं. मला तिचा लळा लागला. मला मूल नाय, त्यामुळेही असेल. मी तिला सगळं द्यायचं ठरवलं.

श्रावणात काम आलं. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या रस्त्याला एक हॉटेल होत होतं, त्यांना खोलीखोलीत ठेवायला दिव्यांचे चाळीस उभे खांब पायजे होते. शिवणीचं लाकूड, हातभर उंची, आणि मधून आरपार भोक, वायर जायला. हे भोक पाडणं म्हणजे लेथवरचं सगळ्यात फसवं काम. दिसायला सोपं. म्हणूनच.

लेथवर भोक पाडताना ड्रिल फिरत नाय, लाकूड फिरतं. ड्रिल उजवीकडच्या ठोकळ्यात जागच्या जागी उभं असतं, आणि आपण उजव्या हाताने चाक फिरवून ते लाकडात सरकवत जायचं. ड्रिल ज्या लोखंडी मुठीत आवळलेलं असतं तिला चक म्हणतात. ह्या चकाची शेपटी ठोकळ्यातल्या भोकात नुसती दाबून बसवलेली असते. नट नाय, बोल्ट नाय. ड्रिल आत जात असतं तोवर ती आणखी घट्ट बसते. धोका असतो तो बाहेर काढताना. भुसा आत दाटला, ड्रिल लाकडात आवळलं, तर ती शेपटी सुटते आणि अख्खं चक लाकडाबरोबर गरगर फिरायला लागतं. म्हणून इंचभर गेलं की मागे घ्यायचं, भुसा झाडायचा, परत आत. मशीन हळू ठेवायची. आणि मागे घेताना दर वेळी डाव्या हाताने चक धरून ठेवायचं. हा डावा हात उघडा पायजे. चक सुटलंच तर उघड्या हातातून घसरून जातं, तळवा सोलतो, माणूस शिवी देतो, संपलं.

हर्षालीच्या डाव्या हातात अकरा हिरव्या बांगड्या होत्या, उजव्यात दहा. लग्नाचा चुडा. लाटणी करताना मी त्यावरून रोज कटकट करायची आणि ती बांगड्या वर सरकवून रबर लावायची, तेवढ्यावर मी निभावून नेत होते. आता म्हटलं, "हर्षाली, आता चालायचं नाय. भोक पाडायचं तर चुडा काढून ये."

तिचा चेहरा उतरला. "आई म्हणते वर्षभर काढायचा नाय."

"आईला सांग, काकीने सांगितलंय. घरी गेलीस की परत घाल."

दुसऱ्या दिवशी सून आली तिच्या पुढे सासू. सकुबाई शेडच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचून. सगळ्या बायांनी मशीन बंद केल्या. बायांना काय, फुकटची करमणूक.

"चंद्रकला, तू हिला चुडा काढायला सांगितलास?"

"सांगितलं. मशीनला चुडा कळत नाय सकुबाय. बांगडी अडकली तर..."

"अडकली तर अडकू दे. फुटली तर मी बघीन काय करायचं ते. पण आपल्या हाताने काढायचा नाय. पहिलं वर्ष आहे." मंग तिने आवाज खाली घेतला, मला ते जास्त लागलं. "तुझं ठीक आहे गो. तुझ्या हातात काढायला काय उरलंय? तू काढायचीस, त्याचं काय झालं ते गावाने बघितलं. माझ्या दीपेशच्या जिवाशी खेळू नको."

रुपाली खाली बघत होती, सावळी माझ्याकडे. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. माझा नवरा काविळीने मेला, बांगडीने नाय. असं बोलायचं होतं, आणि पोरीला सांगायचं होतं, तू लाटणी कर, भोकाचं काम मी करते, चाळीसच्या चाळीस मी करते. एवढंच तर होतं. पण माझे उघडे हात सगळ्यांना दिसत होते, आणि मला वाटलं, आता मी हट्ट धरला तर म्हणतील ही रांड सगळ्यांना आपल्यासारखं करायला बघतेय. मला लाज वाटली. मी चूक नव्हते तरी मला लाज वाटली.

मी म्हटलं, "बरं. नको काढू दे. आपण दुसरं काय तरी करू."

आणि ते दुसरं काय तरी मीच केलं, कुणी मला सांगितलं नव्हतं. घरून जुनं सुती लुगडं आणलं, वीतभर रुंदीची लांब पट्टी फाडली. हर्षालीच्या डाव्या हातातल्या बांगड्या वर कोपराकडे सरकवल्या आणि त्यावर पट्टी गुंडाळत मनगटापर्यंत आणली. चांगली गच्च. सकुबाई बघत होती. पट्टी मनगटापाशी संपली की सुटायला लागायची, खाली घसरायची. दोनदा सुटली. मंग मी काय केलं, पट्टी तळव्यावरून घेतली, अंगठ्यातून एक वेढा काढला आणि टोक आत खोचलं. मंग हलली नाय.

हर्षालीने हात उघडून मिटून बघितला. "मस्त झालं काकी. हातमोजाच झाला."

हातमोजाच झाला. हे तिने म्हटलं आणि मी ऐकलं. माझ्या कानात विठू बोलला, मी खोटं नाय सांगत, त्याचाच आवाज. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. सकुबाई म्हणाली, "बघ, डोकं चालवलं की होतं," आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या बाईचा हात मला लागला, आणि मला बरं वाटलं. माझी मलाच किळस येते, पण बरं वाटलं होतं.

मंग काम सुरू झालं आणि काय वाईट झालं नाय. त्यानेच घात झाला. पहिल्याच दिवशी काय तरी किरकोळ झालं असतं तर मी पट्टी फाडून फेकली असती. पण दिवसाला एक, कधी दोन, असे खांब होत गेले. हर्षाली भोक इतकं सरळ पाडायची की दुसऱ्या टोकाला अगदी मधोमध निघायचं. ती त्यातून डोळा लावून माझ्याकडे बघायची. "काकी, दिसताय." ठकी तिला चिडवायची, "दीपेशला बघ गो त्यातून, मुरबाडला कुणाशी बोलतोय ते दिसेल." गणपती आले, गेले. पट्टी रोज सकाळी मीच बांधायची. सत्तावीस खांब झाले.

अठ्ठाविसावा शिवणीचा ओंडका आतून ओला होता. वरून कळलं नाय. ओल्या लाकडाचा भुसा सुटा पडत नाय, पिठासारखा दाबून बसतो. मी दुसऱ्या लेथवर होते, तीन पावलांवर, पाठ तिच्याकडे. मला आवाज बदललेला कळला. तिलाही कळला असणार, तिला तर माझ्याआधी कळायचा. तिने बरोब्बर केलं, अगदी मी शिकवलं तसं. डावा हात चकावर ठेवला आणि उजव्याने चाक उलटं फिरवून ड्रिल मागे घ्यायला लागली.

चक सुटलं.

मी वळले तोवर ते तिच्या हातात फिरत होतं. तिने हात सोडला होता, बोटं पसरलेली मला दिसली. बोटांनी सोडलं होतं. पट्टीने नाय सोडलं. अंगठ्यातला वेढा चकाच्या दातांत गेला होता आणि चक तिचा हात सुतासारखा गुंडाळून घेत होतं. ती ओरडली नाय, तिने फक्त "काकी" म्हटलं. मी तिला कमरेला धरून मागे ओढायला लागले. ते पण चूकच, पण दुसरं काय सुचलं नाय. बटण भिंतीला, दाराजवळ. ठकी धावली, वाटेत लाकडांचा ढीग, ती पडली, उठली, परत धावली. आमच्याकडे लाईट रोज अकराला जाते. त्या दिवशी सव्वाअकरा वाजले होते आणि लाईट होती.

शहापूरला नेलं, तिथून लगेच ठाण्याला पाठवलं. जीपमधे तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हात मी दुसऱ्या लुगड्यात गुंडाळला होता, बघत नव्हते. ती म्हणाली, "काकी, ओलं होतं का हो लाकूड?" मी म्हटलं, "हो गो." ती म्हणाली, "तरीच." मंग तिची शुद्ध हरपली.

दवाखान्यात आमी बाकड्यावर बसलो, मी आणि सकुबाई. ती देवाचं नाव घेत होती. मी काय घेत नव्हते. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सिस्टर बाहेर आली आणि तिने सकुबाईच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवीत हिरव्या बांगड्या होत्या. सकुबाईने तिथेच मोजल्या. अकरा. एकही वाढलेली नव्हती, एकीला चरा पण नव्हता. तिचे डोळे भरून आले. "बघ गो चंद्रकला, चुडा राहिला," म्हणाली.

मी त्या पिशवीकडे बघत राहिले. सुजलेल्या हातातून अकरा बांगड्या न फोडता कोण काढेल? काढूच शकत नाय कुणी. त्या अशा एकेक निघायच्या तर एकच रीत आहे, पुढे हात नसला पायजे. डॉक्टर नंतर येऊन बोलले, पण मला त्याआधीच कळलं होतं.

दीपेश रात्री आला, पँट गुडघ्याला फाटलेली. मुरबाडवरून येताना त्याची गाडी खडीवरून घसरली होती. मागून ट्रक येत होता, तो बाजूने निघून गेला. त्याला खरचटलं पण नव्हतं. सकुबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, मंग त्या पिशवीकडे बघितलं, आणि तिथून पुढे तिच्या मनात काय पक्कं झालं ते मला समोर दिसत होतं. सुनेचा चुडा शाबूत राहिला म्हणून लेक वाचला. तिने ती पिशवी कपाळाला लावली.

पंधरा दिवसांनी हर्षाली घरी आली. गावात सगळे म्हणत होते, डावाच गेला, उजवा राहिला, नशीब. मी महिनाभर शेड उघडली नाय. मंग हॉटेलवाल्याचे फोन यायला लागले, बायांच्या घरच्यांचेही टोमणे सुरू झाले, उघडली. बाया आल्या त्या पट्ट्या बांधून. ठकी, सावळी, रुपाली, सगळ्यांच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत लुगड्याच्या पट्ट्या, आणि अंगठ्यात वेढा.

माझं डोकं फिरलं. "सोडा आधी ते," मी म्हटलं. "डोळ्यांनी बघितलंत ना गो? पट्टी अडकली. पट्टीनेच ओढला तिचा हात."

सावळी म्हणाली, "हात जायचा होता तो गेला काकी. ते मशीनचं. आमी दसऱ्याला नारळ फोडला आता. पण पट्टी होती म्हणून चुडा राहिला की नाय? दीपेश वाचला की नाय?"

"पट्टीचा नि दीपेशचा काय संबंध?"

"तुमीच बांधली होती ना पट्टी?" ती म्हणाली. भांडायला नाय म्हणाली, साधं विचारलं. मी भोकाचं काम स्वतःकडे घेतलं आणि उरलेले खांब एकटीने केले. त्यातले दोन वाकडे गेले.

संक्रांतीला सकुबाई माझ्या दारात आली. सुनेची पहिली संक्रांत, हळदीकुंकू ठेवलं होतं. "तू यायचंस," म्हणाली, "आणि पहिली तू यायचंस." मला वाटलं चेष्टा करते. तिचे डोळे बघितले, चेष्टा नव्हती.

मी गेले. ओटीवर वीसपंचवीस बाया होत्या. सकुबाईने मला पाटावर बसवलं आणि सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. नऊ वर्षांनी. तिचं बोट थंड होतं. "हिने पट्टी बांधली म्हणून माझं घर राहिलं," ती बायांना म्हणाली. "मी हिला नको ते बोलले होते. माझं चुकलं." आणि रडली. दोघीतिघींनी डोळे पुसले. ज्याच्यासाठी मी नऊ वर्षं घरी जाऊन रडत होते ते सगळं मला त्या पाटावर मिळालं. मला वाटलं, ओटीखालची जमीन फाटावी.

मी म्हटलं, "सकुबाय, ऐक. पट्टी नसती तर बांगड्या अडकल्या असत्या. काच आहे ती, ती फुटली असती आणि हात सुटला असता. चार टाके पडले असते. मी पट्टी बांधली म्हणून हात गेला. माझ्यामुळे गेला."

कुंकवाचा करंडा तिच्या हातात तसाच राहिला. मंग ती म्हणाली, "सणाच्या दिवशी असलं बोलू नये गो," आणि शेजारच्या बाईपुढे सरकली. बोलणं परत सुरू झालं. कुणी तरी मला तिळगूळ दिला.

मी उठून मागल्या पडवीत गेले. तिथे हर्षाली बसली होती, काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, डावा हात पदराखाली. आत बायांनी बघून हळहळ केली की तिला नको वाटायचं, म्हणून मागे आली होती. उजवा हात मांडीवर होता. त्यात एकवीस बांगड्या होत्या. डाव्या हातातल्या अकरा सासूने उजव्यात भरल्या होत्या, मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत.

"मी ऐकलं काकी," ती म्हणाली. "मला दवाखान्यातच कळलं होतं. पिशवीत अकरा बघितल्या तेव्हाच."

"मला मार गो," मी म्हटलं. खरंच म्हटलं.

तिने मान हलवली. मंग जरा पुढे सरकली. "मी विचार केलाय. चाक तर उजव्यानेच फिरवायचं असतं. डावा हात फक्त चक धरायला. चकाला लांब दांडी बसवून घेऊ, ती मशीनच्या खालच्या लोखंडी बैठकीवर टेकली की चक फिरणारच नाय. हाताची गरजच नाय. होईल ना?"

होईल. मी मनात मांडून बघितलं, होण्यासारखं होतं. विठूला सुचलं नव्हतं, मला सुचलं नव्हतं. "होईल," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा ते जुनं हसू आलं. "मला यायचंय मशीनवर. पण हे असं घेऊन नाय यायचं." तिने उजवा हात माझ्यापुढे धरला. बांगड्या वाजल्या. "तुमी काढा. मी दाताने बघितलं, भिंतीला लावून बघितलं, नाय निघत. एका हाताच्या बांगड्या काढायच्या तर दुसरा हात लागतो."

मी तिचा हात हातात घेतला. मऊ पडला होता, काम नाय ना. अंगठा दुमडून धरला, पहिली बांगडी उतरवायला घेतली, ती हाडापर्यंत आली. माझ्या कपाळावरचं कुंकू अजून ओलं होतं, मला ते कळत होतं. मी विधवा, नवी सून, तिचा चुडा, संक्रांतीचा दिवस. आणि ओटीवरून सकुबाईचा आवाज आला, मायेचा, "चंद्रकला, कुठे गेलीस गो? वाण घ्यायचं राहिलं तुझं."

माझी बोटं थांबली. मी बांगडी परत वर सरकवली.

"सासूला विचार आधी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाय बघितलं. त्या दिवशी पट्टी बांधताना बघत होती तसंच, काकी सांगतेय म्हणजे बरोबर असेल, असं. हात तिने लगेच मागे घेतला नाय, तो तसाच माझ्यापुढे धरून राहिली. त्या घरात तिला दुसरा हात माझाच होता. मी उठले, ओटीवर गेले आणि सकुबाईपुढे पदर पसरून वाण घेतलं.